जुन्या मॅन्युअल झूम लेन्सचं ग्रीस घरी बदलणं: फोकस जड, झूम ढिला

तापीतीर, भुसावळ

मंडळी, नमस्कार.

खान्देशातले जुने फोटो स्टुडिओ एकेक करून बंद होताहेत आणि त्यांच्या कपाटातल्या मॅन्युअल लेन्स भंगाराच्या भावात चालल्या आहेत. अमळनेर, चोपडा, शिरपूर, पाचोरा, कुठेही विचारा, हेच ऐकायला मिळतं. वाईट याचं वाटतं की त्यातल्या बऱ्याच लेन्स बाद झालेल्या नसतात. काचा स्वच्छ असतात, पाकळ्या (प्रकाशाचं भोक लहानमोठं करणारी आतली पाती) शाबूत असतात, फक्त आतलं ग्रीस वाळलेलं असतं. ते घरी बदलता येतं. माझ्या एका लेन्सचं काम अर्ध्याहून जास्त झालंय, म्हणून तपशिलात लिहितो. एका ठिकाणी अडलोय, तेही शेवटी विचारतो.

लेन्स ७०-२१० मिमीची झूम, एफ/४ (पाकळ्या पूर्ण उघड्या असतानाचा आकडा; आकडा वाढला की भोक लहान), निकॉन माउंटची, म्हणजे निकॉन कॅमेऱ्यावर बसणाऱ्या जोडणीची, १९८० च्या दशकातली जपानी. कडी एकच आहे: फिरवली की फोकस, पुढेमागे सरकवली की झूम. फोकस इतका जड की दोन्ही हात लावावे लागायचे. झूम उलट इतका ढिला की लेन्स खाली झुकवली की कडी आपोआप घसरायची.

बहुतेक जण इथे एकच निदान करतात, 'ग्रीस गेलंय, सगळीकडे नवं भरा'. पण हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोघांचं औषध वेगळं आहे.

फोकस चालतो हेलिकॉइडवर. एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या, त्यांवर बारीक आटे, आणि त्या आट्यांवरून पुढचा भिंगांचा गट आतबाहेर होतो. नळ्या अॅल्युमिनियमच्या असतात, किंवा एक अॅल्युमिनियमची आणि एक पितळेची. अॅल्युमिनियमवर अॅल्युमिनियम कोरडं घासलं तर आटे एकमेकांना धरतात आणि खरवडले जातात. म्हणून तिथे ग्रीस हवंच, आणि तेही जाडसर, कारण फोकसची कडी जी सावकाश, एकसारखी फिरते ती त्या ग्रीसच्या विरोधामुळे.

झूमची रचना निराळी. खाचा कोरलेली नळी आणि त्या खाचांतून फिरणारे छोटे पितळी किंवा नायलॉनचे रोलर. कडीला जागच्या जागी धरून ठेवण्याचं काम आत चिकटवलेल्या फेल्टच्या, म्हणजे दाबून केलेल्या लोकरी कापडाच्या, पट्ट्या करतात. त्या झिजल्या, दबल्या की झूम घसरतो. तिथे ग्रीस भरलं तर चार दिवस बरं वाटेल, मग फेल्ट तेल पिऊन आणखी गुळगुळीत होईल.

आपल्याकडे हे लवकर का होतं, तर उन्हाळा. ग्रीस म्हणजे तेल आणि ते तेल धरून ठेवणारा धातूचा साबण. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो, पत्र्याच्या छताखालच्या कपाटात त्याहून जास्त. वर्षानुवर्षं असं तापलं की तेल सुटतं आणि घट्ट झालेला साबण मागे राहतो. साबणामुळे फोकस जड होतो, आणि सुटलेलं तेल वाट काढत पाकळ्यांपर्यंत जातं.

आता काम. लेन्स उघडण्यापूर्वी कडी अनंतावर, म्हणजे इन्फिनिटीवर (खूप लांबचं स्पष्ट दिसतं त्या टोकाला) नेऊन ठेवली आणि सगळीकडून फोटो काढले. समोरची नावाची कडी रबराच्या बुचाने दाबून फिरवली, ती सुटली. रबराच्या पकडीखाली लाकडी काडी सरकवून थोडं अल्कोहोल सोडलं आणि पकड सावकाश उतरवली. तिच्याखाली टेप, टेपखाली ग्रब स्क्रू, म्हणजे माथा नसलेले बारीक स्क्रू. हे स्क्रू म्हणजे हेलिकॉइड आणि बाहेरची कडी यांची सोयरीक. ते सोडण्याआधी दोन्ही भागांवर सुईने आरपार एक रेघ ओढली.

पुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हेलिकॉइडला आट्यांची एकच सुरुवात नसते, अनेक असतात. त्यामुळे पुन्हा जोडताना नळी बऱ्याच जागी अडकते आणि प्रत्येक वेळी वाटतं की बसली. पण बरोबर जागा एकच. चुकीच्या जागी बसवली की फोकस अनंतापर्यंत पोचत तरी नाही किंवा मधेच अडतो. म्हणून नळी सावकाश उलटी फिरवत न्यायची, आणि ज्या क्षणी ती सुटते त्या क्षणी थांबून दोन्ही नळ्यांवर दुसरी खूण करायची. ही खूण राहिली तर पुढचे तास नुसते जोडण्यात जातात.

जुनं ग्रीस तपकिरी मेणासारखं झालं होतं. लायटरचं पेट्रोल आणि मऊ टूथब्रशने आटे धुतले, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुन्हा. अॅसिटोन वापरू नका, रंगवलेले आकडे आणि प्लॅस्टिक दोन्ही खातं. आटे पूर्ण वाळल्यावर डॅम्पिंग ग्रीसचा (कडी सावकाश फिरावी म्हणून विरोध देणाऱ्या ग्रीसचा) पातळ थर, आटे फक्त ओले दिसतील इतकाच. नळी जोडून पूर्ण आतबाहेर फिरवली, बाहेर आलेलं पुसलं. फोकस आता एका बोटाने फिरतो.

एक इथलीच अडचण: कापसाच्या हंगामात हवेत तंतू फार असतात, जिनिंगजवळ राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. खिडकी-पंखा बंद करून, लादी ओल्या फडक्याने पुसून मगच भिंगांचा गट उघडावा.

अडलोय ते फेल्टपाशी. जुन्या पट्ट्या कागदाइतक्या दबल्या आहेत. एवढं पातळ फेल्ट आपल्या भागात कुठे मिळेल?

---

रानवाटा, यावल

फार चांगला धागा, वाचनखूण साठवली. माझ्याकडे सासऱ्यांची अशीच एक झूम आहे. फोकस ठीक आहे, पण एफ/८, एफ/११ वर फोटो पांढरे येतात. एफ/४ वर बरोबर येतात. हे ग्रीसमुळेच का?

---

तापीतीर

ताई, बहुतेक पाकळ्यांवर तेल आलंय. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, कडी एफ/११ वर ठेवा आणि मागची छोटी लिव्हर बोटाने सरकवून सोडा. पाकळ्या टचकन मिटायला हव्यात. रेंगाळत असतील, किंवा त्यांच्यावर ओलसर चकाकी दिसत असेल, तर निदान पक्कं. बटण दाबल्यावर आरसा वर जातो आणि पडदा उघडतो, तेवढ्या अवधीत पाकळ्या मिटायच्या असतात. तेलामुळे उशीर झाला की प्रकाश जास्त येतो आणि फोटो पांढरा पडतो. एफ/४ वर पाकळ्या हलतच नाहीत, म्हणून तिथे काही कळत नाही.

पाकळ्या कायम कोरड्या हव्यात. तिथे ग्रीस नाही, तेल नाही, ग्रॅफाइटही नाही.

---

जुना घड्याळजी, धुळे

लेख उत्तम. स्क्रूंबद्दल भर घालतो, कारण निम्म्या लेन्स तिथेच जायबंदी होतात.

जपानी लेन्सचे चौफुली स्क्रू फिलिप्स नसतात, जेआयएस म्हणजे जपानी मानकाचे असतात. दिसायला सारखे, पण खाचेचा आकार वेगळा. फिलिप्सचं टोक तळापर्यंत जात नाही, जोर दिला की वर सरकतं आणि खाच गोल करून टाकतं. जेआयएस टोकाचे स्क्रूड्रायव्हर मागवता येतात, ते घ्याच. फिरवताना दाब जास्त आणि पीळ कमी.

स्क्रू हलत नसेल तर समजा की कारखान्यात त्याच्यावर लॅकर सोडलंय. टूथपिकच्या टोकावर अॅसिटोनचा एक थेंब घेऊन फक्त स्क्रूच्या माथ्यावर ठेवा, थोडं थांबा. तरी नाही सुटला तर सोल्डरिंग आयर्नचं टोक माथ्यावर काही सेकंद टेकवा, लॅकर मऊ पडतं. पुन्हा बसवताना नेलपॉलिशचा ठिपका पुरतो.

आणि डोळ्याला लावायचं भिंग घ्या. ग्रब स्क्रू उघड्या डोळ्यांनी सोडवणारे लोक पाहिलेत, त्यांच्या लेन्सही पाहिल्यात.

---

भाऊसाहेब, साक्री

भाऊ, मनाजोडे बी असाच एक जुना झूम पडेल शे. मोटरसायकलनं ग्रीस घरमा शे, तेच लाई दिधं तं चाली का?

---

तापीतीर

नाही चालणार भाऊसाहेब. गाडीचं लिथियम ग्रीस बेअरिंगसाठी असतं. लेन्समध्ये ते सुरुवातीला छान फिरतं, पण आपल्या उन्हात त्यातून तेल सुटतं आणि रानवाटा ताईंच्या लेन्ससारखं पाकळ्यांवर येतं. काळं मॉलिब्डेनम ग्रीसही नको, एकदा हाताला लागलं की काचेपर्यंत पोचतं. शिवणयंत्राचं तेल आणि गंज सोडवायचा स्प्रे यांना तर लेन्सच्या टेबलावर जागाच देऊ नका.

हेलिकॉइडसाठी वेगळं डॅम्पिंग ग्रीस मिळतं, मऊ आणि घट्ट अशा प्रतींत. झूम लेन्सचा पुढचा गट जड असतो, त्याला मधली प्रत बरी. फार घट्ट घेतलं तर डिसेंबरातल्या पहाटे कडी पुन्हा जड लागते. लहान डबीत कितीतरी लेन्स होतात, चारपाच जणांनी मिळून मागवली तर खर्च अंगावर येत नाही.

---

मधला मार्ग, नंदुरबार

एवढी उघडाउघड करायची खरंच गरज आहे का? मी कडीच्या फटीतून लायटरचं पेट्रोल सोडतो, कडी फिरवत राहतो, मोकळी होते. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचे फोटो काढायला अशीच मोकळी केलेली लेन्स वापरतो.

---

जुना घड्याळजी

मोकळी होते हे खरं, कारण पेट्रोल जुन्या ग्रीसला पातळ करतं. पण ते ग्रीस बाहेर तर येत नाही. ते आतच पसरतं, काचांच्या कडांना आणि पाकळ्यांना लागतं, पेट्रोल उडून जातं आणि आटे कोरडे राहतात. कोरड्या आट्यांवर घोड्यांमागे झपाझप फोकस फिरवला तर अॅल्युमिनियम झिजणार. एकदा खरवडलेले आटे कुठल्याच ग्रीसने भरून येत नाहीत. तुम्ही लेन्स वापरताय याचा आनंद आहे, म्हणूनच म्हणतो की पुढच्या यात्रेआधी ती नीट उघडा.

---

मधला मार्ग

पटलं. आतल्या काचेच्या कडेला धुरकट वर्तुळ दिसतंय, ते यामुळेच असणार. दिवाळीनंतर उघडतो.

---

गिरणाकाठ, चाळीसगाव

आमच्या गावात छायाचित्रकार केकी मूस यांचं घर आहे, स्टेशनजवळ. टेबलावर मांडणी करून एका प्रकाशरेषेसाठी थांबणारा माणूस. १९८९ साली ते गेले, त्यांची छायाचित्रं त्या घरात जपलेली आहेत. ती पाहिल्यापासून मी टेबलटॉप करतो, आणि मॅक्रोची सोय असलेली जुनी झूम त्याला फार उपयोगी पडते. घाई नसतेच, ऑटोफोकस लागत नाही.

माझा विषय बुरशी. लोक म्हणतात खान्देश कोरडा, इथे कसली बुरशी. पण उन्हाळाभर खोलीत कूलर चालतो आणि त्याच खोलीत लेन्सचं कपाट असतं. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळूनच. मग पाऊस लागतो. म्हणजे लेन्सला कोरडे महिने मिळतात ते हिवाळ्याचे आणि होळीपर्यंतचे. हवेतली आर्द्रता बराच काळ ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. कपाट कूलरच्या खोलीतून हलवा, नाहीतर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल घालून लेन्स ठेवा. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवायचं.

बुरशी आलीच असेल तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया समप्रमाणात मिसळून कापसाने हलक्या हाताने पुसावी, खिडकी उघडी ठेवून. थेंब धातूवर किंवा रंगावर जाऊ देऊ नये. बुरशी निघते, पण तिने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर तो नक्षीसारखा डाग राहतो. बारीक डागाने फोटोत फरक पडत नाही, सूर्य समोर असेल तरच जाणवतो. त्यापायी लेन्स टाकून देऊ नका.

---

रानवाटा

गिरणाकाठ, कूलरचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. आमचं कपाट त्याच खोलीत आहे. आजच हलवते.

---

सराफगल्ली, जळगाव

तापीतीर, फेल्टबद्दल. हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्यांकडे फेल्ट मिळतं, पण ते तुमच्या कामाला जाड पडेल. त्यापेक्षा दागिन्यांच्या डब्यांना आतून जो मखमली कागद लावतात तो पाहा. मागे चिकट थर असलेला, पातळ, एकसारखा केसाळ. जळगावात दागिन्यांच्या डब्या बनवणारे आहेत, त्यांच्याकडे कातरणसुद्धा मिळेल. काळा घ्या, म्हणजे आत परावर्तनही होणार नाही.

लावताना एकाच वेळी पूर्ण वर्तुळ लावू नका. समोरासमोर अरुंद पट्ट्या लावा, कडी सरकवून बघा, कमी वाटलं तर आणखी. केसांची दिशा असते. लेन्स खाली झुकल्यावर कडी ज्या बाजूला घसरते, त्या बाजूला विरोध व्हायला हवा.

चिमटे, ब्लोअर आणि अल्कोहोल गोलाणी मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतं. आणि एक विनंती, आतलं काहीही सुपरग्लूने चिकटवू नका. त्याची वाफ काचेवर पांढरा थर धरते.

---

सातपुडा, रावेर

मी विव्हिटारच्या लेन्स जमवतो. त्या उघडण्याआधी अनुक्रमांक बघावा, कारण विव्हिटार स्वतः लेन्स बनवत नसे, जपानी कारखान्यांकडून करून घेई. पहिले दोन आकडे २२ असतील तर किनो, २८ असतील तर कोमिने, ३७ असतील तर टोकिना. सिरीज १ मधल्या ७०-२१० च्या वेगवेगळ्या आवृत्त्या या तिघांनी बनवल्या आणि आतून त्या एकमेकींसारख्या नाहीत. लेन्सच्या नावाने सापडलेले फोटो तुमच्या लेन्सशी जुळतीलच असं नाही, आधी कारखाना ओळखा.

आता प्रश्न. जोडल्यावर अनंत कसा लावलात? मी मिररलेसवर (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) अॅडॉप्टर, म्हणजे दुसऱ्या माउंटची लेन्स बसवणारी जोडकडी, लावून वापरतो, माझ्याकडे सगळ्याच लेन्स खुणेच्या आधीच अनंतावर येतात.

---

तापीतीर

तो लेन्सचा दोष नाही, अॅडॉप्टरचा आहे. निकॉन माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी ठरलेलं आहे. स्वस्त अॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ ठेवतात, म्हणजे अनंत हमखास मिळावा. त्यामुळे फोकस खुणेआधीच लागतो. झूममध्ये याचा आणखी एक त्रास, २१० वर फोकस करून ७० वर आलात की चित्र सुटतं. म्हणून अनंत लावताना अॅडॉप्टर वापरू नका, मूळ माउंटचा कॅमेरा घ्या.

पद्धत सांगतो. पाकळ्या पूर्ण उघड्या, लाइव्ह व्ह्यू (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचं चित्र) पूर्ण मोठा केलेला, लेन्स २१० वर. लक्ष्य खूप लांबचं हवं. २१० मिमी आणि एफ/४ ला हायपरफोकल अंतरच (ज्याच्या पलीकडचं सगळं अनंतावर फोकस असतानाही स्पष्टच दिसतं ते अंतर) साधारण ३७० मीटर येतं, त्यामुळे शेजारच्या कॉलनीतली पाण्याची टाकी चालणार नाही. निदान दोनतीन किलोमीटर पाहिजे. मी दीपनगरच्या वीज केंद्राची चिमणी घेतली. तुम्हाला सातपुड्याची धार आहेच, तिच्यावरचं एखादं एकटं झाड शोधा. रात्रीचा चंद्र सर्वांत चांगला.

दिवसा करायचं तर सूर्योदयानंतर लगेच. ऊन चढलं की जमिनीवरून झळा उठतात, २१० वर चिमणीची कडा हलायला लागते आणि फोकस कुठे लागला ते कळतच नाही.

ग्रब स्क्रू ढिले ठेवून हेलिकॉइड फिरवायचं, चित्र स्पष्ट झालं की ते न हलवता बाहेरची कडी अनंताच्या थांब्याला टेकवायची आणि तिन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने घट्ट करायचे. मग ७० वर येऊन तेच लक्ष्य पाहायचं. तिथेही स्पष्ट असेल तर काम संपलं. २१० वर बरोबर आणि ७० वर धूसर असेल तर मागच्या गटाचं अंतर बदललंय, म्हणजे माउंटखालचे पातळ शिम (अंतर जुळवायच्या धातूच्या चकत्या) इकडेतिकडे झालेत. मी मागचा भाग उघडलाच नव्हता, त्यामुळे ७० आपोआप जुळलं. फोकस जड असेल तर माउंटच्या बाजूला हात लावू नका असं मी म्हणतो ते यासाठीच.

---

सातपुडा

स्पष्ट झालं. पालच्या बाजूचा डोंगर घरच्या गच्चीवरून दिसतो, उद्या पहाटे बघतो.

---

तापीतीर

सराफगल्ली, तुमचा मखमली कागद बसला. तीन अरुंद पट्ट्या पुरल्या, चौथी लावून पाहिली तर कडी जड झाली, म्हणून काढली. आता लेन्स सरळ खाली धरली तरी झूम जागचा हलत नाही, आणि सरकवताना कुठे अडकतही नाही. रबराची पकड दुहेरी टेपने परत बसवली.

काल हतनूरच्या पाण्यावर नेली होती. बदकं लांब होती, २१० ला ती बारीकच येतात, पण पिसांच्या कडा स्वच्छ आहेत आणि उडणाऱ्या थव्यामागे फोकस हाताने नेता येतो. महिन्याभरापूर्वी याच लेन्सची कडी दोन हातांनी हलत नव्हती.

मधला मार्ग, भाऊसाहेब, रानवाटा ताई, आपण चौघं मिळून मधल्या प्रतीच्या ग्रीसची एक डबी मागवू या का? होकार असेल तर इथेच लिहा. ताई, तुमच्या लेन्सला आधी पाकळ्या धुवाव्या लागतील, तो गट बाहेर काढताना स्प्रिंग उडण्याचा धोका असतो. लेन्सचं नाव आणि मागच्या बाजूचा फोटो टाका, घड्याळजी आणि मी बघून सांगतो.